वैद्यक शिकण्यासाठी ज्यू तरुण पादुआलाच का जात असत?

पैनगंगेकाठचा मास्तर (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. आमच्या गावात एक लहानसे वाचनालय आहे आणि दर पौर्णिमेला त्याच्या ओसरीवर आम्ही दहा-बारा माणसे जमून काहीतरी वाचतो. गेल्या पौर्णिमेला गावातील एका मुलीला निरोप देण्याचा प्रसंग होता. ती डॉक्टर होण्यासाठी जॉर्जियाला निघाली आहे आणि त्यासाठी तिच्या वडिलांनी दोन एकर वावर गहाण ठेवले आहे. बैठकीतील एका आजोबांनी विचारले की, औषधपाणी शिकायला एवढ्या दूर जाण्याची पाळी माणसावर का यावी. मी माझ्या जुन्या वहीतील एका टिपणाच्या आधारे सांगितले की ही गोष्ट नवी नाही. तीनचारशे वर्षांपूर्वी पोलंड, जर्मनी, क्रीट अशा ठिकाणांहून ज्यू तरुण इटलीतील पादुआ येथे वैद्यक शिकण्यासाठी जात असत. आजोबांनी लगेच उलट विचारले, "मग त्यांच्या गावाजवळ विद्यापीठे नव्हती काय?" मला उत्तर देता आले नाही.

विद्यापीठे होती, हे मला ठाऊक आहे. प्राग, क्राकोव्ह, व्हिएन्ना ही सगळी जुनीच नावे आहेत. तेव्हा माझी शंका अशी की, ज्यूंना तेथे प्रवेश नव्हता की पदवी मिळत नव्हती? पादुआ हे तर पोपच्या इटलीतले शहर, मग तेथेच दार उघडे कसे राहिले? शिवाय कायदा किंवा तत्त्वज्ञान न निवडता बहुतेकांनी वैद्यकच का निवडले? जाणकारांनी सविस्तर लिहावे, कारण पुढच्या पौर्णिमेला हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवायचे आहे आणि आजोबा अर्धवट उत्तरावर समाधान मानणाऱ्यांपैकी नाहीत.

---

जुना प्राध्यापक (वाशीम जिल्हा)

मास्तर, आपल्या आजोबांचा प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पादुआ इटलीत असले तरी पोपच्या राज्यात नव्हते. 1222 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ 1405 पासून व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होते, आणि व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे राज्य होते. धर्माने ते कॅथलिकच होते. परंतु परदेशी विद्यार्थ्यांचा पैसा, त्यांची घरभाडी आणि विद्यापीठाची कीर्ती यांवर पाणी सोडण्याची त्याची तयारी नव्हती. मी याला उदारमतवाद म्हणणार नाही, हा हिशेब होता. याच व्हेनिसने 1516 मध्ये ज्यूंसाठी वेगळी, रात्री कुलूप लागणारी वस्ती निर्माण केली आणि "घेट्टो" हा शब्द जगाला तेथूनच मिळाला, हे विसरता कामा नये. पादुआतही 1603 मध्ये असा घेट्टो उभा राहिला.

आता प्रवेश आणि पदवी यांतील फरकाकडे येतो, कारण सगळा गुंता तेथेच आहे. मध्ययुगीन विद्यापीठातील पदवी म्हणजे आजच्यासारखा गुणपत्रिकेचा शेवटचा कागद नव्हता. तो एक धार्मिक विधी होता, बिशपच्या अधिकाराखाली होणारा आणि ख्रिस्ती शपथेने पुरा होणारा. बाझेल येथील धर्मपरिषदेने 1434 मध्ये ज्यूंना विद्यापीठाच्या पदव्या देऊ नयेत असा ठराव केला. पुढे प्रॉटेस्टंट पंथ पसरू लागल्यावर पोप चौथा पायस याने 1564 मध्ये फर्मान काढले की पदवी घेणाऱ्या प्रत्येकाने कॅथलिक श्रद्धेची शपथ घेतली पाहिजे. हा नेम मुख्यतः प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांवर धरलेला होता, पण ज्यू विद्यार्थी आपोआपच त्याच्या टप्प्यात आला.

पादुआने यातून जी वाट काढली ती मला मोठी मनोरंजक वाटते. पवित्र रोमन सम्राटाकडून काही सरदारांना पदव्या देण्याचा खाजगी अधिकार मिळालेला असे. अशा सरदारासमोर, बिशपला बाजूला ठेवून, पदवी घेता येत असे. नंतर व्हेनिसने 1616 मध्ये स्वतःच्या अधिकारात पदव्या देणारे एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले. तेथे पदवी प्रजासत्ताकाच्या नावाने मिळे आणि कॅथलिक शपथ लागत नसे. या मंडळाची सोय प्रॉटेस्टंट जर्मनांना जशी झाली, तशीच ज्यूंनाही झाली. त्यानंतरच्या दोन शतकांत पादुआतून तीनशेहून अधिक ज्यू वैद्य पदवी घेऊन बाहेर पडले. आज एका महाविद्यालयातून दोन वर्षांत एवढे डॉक्टर निघतात, पण त्या काळच्या युरोपात दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला हा आकडा सांगता आला नसता.

दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता. ज्यू विद्यार्थ्याला इतरांपेक्षा जास्त शुल्क द्यावे लागे. पदवी मिळाल्यावर विद्यापीठातील निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थी-संघांना मिठाईच्या पुड्या पोचवण्याचा रिवाज त्याच्यावर लादलेला होता आणि तो खर्च किरकोळ नव्हता. आपल्याकडे पास झाल्यावर पेढे वाटतात ते आनंदाने. ही मिठाई मात्र वसुली होती.

वैद्यकच का, याचे उत्तर आजोबांना पटेल असे देतो. धर्मशास्त्र तर अर्थातच ख्रिस्ती होते. कायदा शिकून न्यायालयात किंवा दरबारात पद मिळवावे, तर पदे ज्यूंना बंद होती. बारा बलुतेदारांसारखे कारागिरांचे जे संघ होते, त्यांतही त्यांना स्थान नव्हते. आजार मात्र धर्म पाहत नाही. चर्चने ज्यू वैद्याकडून उपचार घेऊ नयेत असे वारंवार बजावले तरी राजे, सरदार आणि काही पोपसुद्धा आपल्या नाडीवर ज्यू वैद्याचाच हात ठेवत आले. शिवाय बाराव्या शतकात कैरोला वैद्यकी करणाऱ्या मैमोनिदेसपासून धर्मपंडित आणि वैद्य एकाच माणसात असण्याची परंपरा त्या समाजात होती. म्हणजे प्रतिष्ठा होती, पोट भरण्याची सोय होती आणि हद्दपारीची वेळ आली तर डोक्यात घालून सोबत नेता येईल अशी ती विद्या होती. माझ्या मते या तिन्हींत शेवटचे कारण सर्वांत वजनदार आहे.

एक उदाहरण सांगून थांबतो. तोबियास कोहेन हा 1652 मध्ये मेट्झ येथे जन्मलेला, रब्बीचा म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा. वडिलांच्या मृत्यूनंतर तो पोलंडमध्ये धर्मपाठशाळेत वाढला. 1678 मध्ये जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीने त्याला आणि गाब्रिएल फेलिक्स नावाच्या त्याच्या मित्राला ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्ट विद्यापीठात शिकण्याची परवानगी दिली, वर शिष्यवृत्तीही दिली. प्रवेश मिळाला, अधिपतीचा आशीर्वाद मिळाला, पण प्राध्यापकांनी त्यांच्याशी धर्मावर वाद घालून त्यांना नकोसे केले आणि पदवी काही दिली नाही. शेवटी दोघेही पादुआला गेले आणि 1683 मध्ये तोबियास तेथून वैद्य झाला. आपल्या शंकेचे उत्तर या एका माणसाच्या चरित्रात आहे: प्रवेश फ्रांकफुर्टलाही मिळत होता, पदवी मात्र पादुआलाच मिळाली.

---

वर्धेकाठ

प्राध्यापक सरांनी शपथेविषयी लिहिले आहे. मी प्रेताविषयी लिहिते, कारण माझी नोकरी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात गेली आणि हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पादुआ हे शवविच्छेदनाचे माहेरघर होते. व्हेसालियस तेथे शिकवत होता आणि 1543 मध्ये त्याचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यात त्याने अवयवांची हिब्रू नावेही दिली आहेत आणि ती समजून घेण्यासाठी त्याला एका ज्यू मित्राची मदत झाली होती. तेथील शरीररचनेचा प्राध्यापक फाब्रिसियस याच्या काळात, 1595 मध्ये, तेथे विच्छेदनासाठी कायमचे लाकडी सभागृह बांधले गेले. विहिरीसारखे खोल, वर वर्तुळाकार कठडे आणि तळाशी टेबल. रक्ताभिसरण उलगडून दाखवणारा आणि 1602 मध्ये पदवी घेणारा विल्यम हार्वे याच कठड्यांना टेकून शिकला. पण एवढ्या विद्यार्थ्यांना दाखवायला देह कोठून आणायचे? फाशी गेलेल्यांचे पुरत नसत. मग विद्यार्थी अंत्ययात्रा अडवून किंवा थडगी उकरून प्रेते पळवत, आणि घेट्टोतील माणसे त्यांना सोपी सावज वाटत. ज्यू धर्मात मृतदेह लवकरात लवकर आणि अखंड पुरला पाहिजे असा कडक दंडक आहे; मृताची विटंबना होऊ नये आणि त्याच्या देहापासून जिवंतांनी लाभ घेऊ नये, ही त्यामागची भावना. त्यामुळे आपल्या मृतांना विच्छेदनाच्या टेबलापासून वाचवण्यासाठी पादुआतील ज्यू समाज विद्यापीठाला पैसे मोजत असे, आणि तरीही पळवापळवी होत असे.

आता त्या विद्यार्थ्याचा विचार करा. दिवसा तो त्या कठड्यावर उभा राहून परक्याचे प्रेत उघडताना पाहतो आणि संध्याकाळी ज्या वस्तीत परततो, तेथे शेजारच्या घरातील म्हातारीचा देह शाबूत कबरीपर्यंत कसा न्यावा याची कुजबुज चालू आहे.

ही गोष्ट सतराव्या शतकात संपली असे कोणास वाटेल, तर ते खरे नाही. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या दशकात, रुमानियातील क्लुज, पोलंडमधील वॉर्सा आणि विल्नो अशा विद्यापीठांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी आंदोलने केली की, ज्यू विद्यार्थ्यांना विच्छेदन शिकायचे असेल तर त्यांच्या समाजाने स्वतःची प्रेते पुरवावीत, ख्रिस्ती प्रेतांना त्यांनी हात लावू नये. क्लुजला 1922 मध्ये यावरून दंगे झाले. वरवर हा न्यायाचा मुद्दा दिसतो, "तुम्ही आमची प्रेते कापता, मग तुमची द्या." पण खरा हेतू ज्यूंना विच्छेदनगृहाबाहेर आणि पर्यायाने वैद्यकाबाहेर काढण्याचा होता. धर्माने जे देता येणार नाही तेच नेमके मागायचे, ही ती युक्ती.

मला हे इतके लागण्याचे कारण आमच्याच विभागात होते. आपल्याकडे 1949 च्या शरीररचना कायद्यानुसार बेवारस देह महाविद्यालयांना मिळतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत टेबलावर आलेल्या देहांच्या पायांच्या भेगा पाहूनच कळत असे की ही वावरात राबलेली माणसे आहेत. बेवारस याचा अर्थ बहुधा एवढाच की नातेवाइकांना निरोप पोचला नाही, किंवा पोचला तरी एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते. आता देहदान वाढले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु कोणाच्या देहावर कोण शिकतो, हा प्रश्न पादुआपुरता नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

---

मेळघाट पायथा

उत्तम चर्चा. यात प्लेगची लस काढणारे डॉ. हाफकिन यांचे नाव यायला हवे. तेही ज्यू होते आणि युरोपातील विद्यापीठातूनच डॉक्टर झाले होते. माझी आजी सांगत असे की प्लेगच्या साथीत अख्खे गाव घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत असे आणि सरकारी माणूस सुई टोचायला आला की बायका पोरांना तुरीत लपवत.

---

जुना प्राध्यापक (वाशीम जिल्हा)

आपल्या आजींची आठवण मोलाची आहे, परंतु एक दुरुस्ती करतो. हाफकिन डॉक्टर नव्हते. 1860 मध्ये ओडेसा येथे जन्मलेल्या या माणसाने तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला असता तर त्यांना प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो स्वीकारला नाही. मग ते जिनिव्हाला गेले, तेथून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आणि तेथून हिंदुस्थानात आले. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांच्या विरोधकांनी जी टीका केली, तिच्या मुळाशी ते वैद्यकीय पदवीधर नसल्याचे शल्यही होतेच.

मात्र आपण नाव काढले ते बरे झाले, कारण रशियाचा भाग त्यामुळे सांगता येतो. पादुआचे महत्त्व अठराव्या शतकात ओसरले. जर्मन विद्यापीठे हळूहळू उघडली. ज्या फ्रांकफुर्टने तोबियासला नाकारले, त्यानेच 1721 मध्ये एका ज्यू विद्यार्थ्याला वैद्यकाची पदवी दिली. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने 1782 मध्ये सहिष्णुतेचा हुकूम काढला आणि पुढच्या शंभर वर्षांत व्हिएन्नाचे चित्र इतके पालटले की 1880 च्या दशकात तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांत ज्यूंचे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास होते. सिग्मंड फ्रॉइड त्यांच्यापैकीच एक. त्याने 1873 मध्ये प्रवेश घेतला आणि 1881 मध्ये तो पदवीधर झाला. पण गर्दी वाढली तशी कुरकुरही वाढली. बिलरोट हा जठराच्या शस्त्रक्रियेसाठी आजही शिकवला जाणारा थोर शल्यविशारद. त्याने 1876 मध्ये लिहिले की गालिसिया आणि हंगेरीतून येणारे गरीब ज्यू विद्यार्थी या विद्येला योग्य नाहीत. त्यावरून विद्यार्थ्यांत दंगल उसळली. नंतर त्याला पश्चात्ताप झाला असावा, कारण आयुष्याच्या शेवटी तो ज्यूद्वेषाच्या विरोधातील संघटनेत सामील झाला.

रशियाने मात्र 1887 मध्ये सरळ आकडे ठरवून दिले. ज्यूंना राहण्याची मुभा असलेल्या पश्चिमेकडील प्रांतांत विद्यापीठातील जागांपैकी 10 टक्के, त्याबाहेर 5 टक्के आणि मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग येथे 3 टक्के जागाच ज्यूंना. त्या पट्ट्यातील अनेक गावांत अर्धी वस्ती ज्यूंची होती, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे टक्केवारी म्हटली की वंचितांना आत घेण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर येते. ही टक्केवारी आत आलेल्यांना बाहेर ठेवण्यासाठी होती. दोन्हींना एकच शब्द वापरून जे लोक घोळ घालतात, त्यांच्याशी वाद घालण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत. या बंदीमुळे हजारो तरुण स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडे गेले. झुरिक, बर्न आणि जिनिव्हा येथे स्त्रियांनाही वैद्यक शिकता येत असल्याने रशियातील ज्यू मुली तेथे मोठ्या संख्येने आल्या. त्यांच्यापैकी लीना श्टेर्न जिनिव्हात शिकली आणि 1918 मध्ये त्या विद्यापीठाची पहिली स्त्री-प्राध्यापक झाली. आपल्या गावच्या मुलीला हे नाव अवश्य सांगा.

---

कुलाब्याचा पाहुणा (सध्या गडचिरोली)

मी मूळचा अलिबागकडचा. नोकरीमुळे इकडे धानाच्या मुलखात आहे. आमच्या आळीत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातील ज्यू, कुटुंबे होती. घाण्यावर तेल काढणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसे म्हणून त्यांना जुने लोक "शनिवार तेली" म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच. तेव्हा या चर्चेत आपल्या मातीतील दोन माणसे जोडतो.

पहिला गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगालचा. त्याचे आईवडील बळजबरीने ख्रिस्ती झालेले ज्यू होते, म्हणून सालामांका आणि आल्काला येथे त्याला ख्रिस्ती नावाने वैद्यक शिकता आले. सरांनी सांगितलेली शपथ त्याने घेतली असेल ती अशी, ओठांनी. 1534 मध्ये तो गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करत असे, म्हणजे मराठी मुलखाच्या दरबारात त्याचे जाणे-येणे होते. आपल्याकडील वनस्पती आणि औषधांवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो 1568 मध्ये मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल धर्मन्यायालयाने जाळले, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडे कबरीतून काढून जाळली. वर्धेकाठच्या ताईंनी देहाच्या विटंबनेविषयी लिहिले, त्यावरून हे आठवले.

दुसऱ्या डॉ. जेरुशा झिराड. बेने इस्राएल समाजातील या बाई मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे लंडनला गेल्या आणि 1919 मध्ये तेथून त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. नंतर मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या आणि 1966 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनला त्यांना ज्यू म्हणून कोणी अडवले नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजमधील धर्माच्या अटी 1871 मध्येच गेल्या होत्या आणि लंडनच्या विद्यापीठीय महाविद्यालयाने तर 1826 पासूनच धर्म विचारला नव्हता. त्यांच्या वाटेत अडथळा होता तो बाई असण्याचा.

---

पैनगंगेकाठचा मास्तर (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. काल आजोबांना एवढे सगळे वाचून दाखवले. त्यांनी मधेच थांबवून विचारले की, एकदा उघडलेली दारे पुन्हा बंद झाली का? हिटलरच्या काळाविषयी त्यांनी ऐकले आहे, पण विद्यार्थ्यांचे काय झाले, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

---

जुना प्राध्यापक (वाशीम जिल्हा)

झाली, आणि हिटलरच्या आधीपासून. हंगेरीने 1920 मध्येच कायदा करून ज्यूंचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 6 टक्क्यांवर आणला. जर्मनीने एप्रिल 1933 मध्ये नव्या प्रवेशांत ज्यूंसाठी 1.5 टक्के ही मर्यादा घातली आणि 1938 मध्ये ज्यू डॉक्टरांचे परवानेच रद्द केले. पोलंडमध्ये 1937 पासून विद्यापीठांना वर्गात ज्यूंसाठी वेगळे बाक राखण्याची मुभा मिळाली. अनेक ज्यू विद्यार्थी त्या बाकांवर न बसता तासभर उभे राहून व्याख्यान ऐकत आणि काही ख्रिस्ती सहाध्यायी व प्राध्यापकही त्यांच्या सोबतीने उभे राहत.

यात इटलीची कथा विचित्र आहे. हंगेरी, पोलंड आणि रुमानियातून नाकारलेले विद्यार्थी या काळातही इटलीत येऊन वैद्यक शिकत होते, पादुआतसुद्धा. जणू तोबियासची वाट अडीचशे वर्षांनी पुन्हा वाहती झाली होती. मुसोलिनीच्या सरकारला परदेशी विद्यार्थी हवेच होते. मग 1938 मध्ये इटलीनेही वांशिक कायदे केले. नाव आधीच दाखल असलेल्यांना अभ्यासक्रम पुरा करू दिला, नव्यांना दार बंद केले. तुरिनमधून 1936 मध्ये डॉक्टर झालेली रिता लेव्ही-मोंताल्चिनी हिचे विद्यापीठातील काम त्या कायद्याने सुटले. तिने घरातील निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर मज्जातंतूंचा अभ्यास चालू ठेवला. पुढे 1986 मध्ये तिला नोबेल मिळाले.

---

वर्धेकाठ

मास्तर, आजोबांना एक गोष्ट माझ्याकडून सांगाल काय? प्राध्यापक सरांचा तोबियास पुढे तुर्की सुलतानांच्या दरबारी वैद्य झाला आणि 1707 मध्ये व्हेनिसला त्याचा हिब्रू ग्रंथ छापला गेला. त्यात एक चित्र आहे. एका बाजूला उघडलेला माणूस आणि शेजारी चार मजली घर. डोळे म्हणजे वरच्या खिडक्या, जठर म्हणजे स्वयंपाकघर, असे प्रत्येक अवयवाला घराचे दालन नेमून दिले आहे. पादुआत शिकलेले लॅटिन वैद्यक त्याला धर्मपाठशाळेतील मुलांपर्यंत पोचवायचे होते, आणि त्या मुलांना लॅटिन येत नव्हते. त्याच्या व्हेनिसमधील गुरूने, सोलोमन कोनेल्यानोने, पादुआला येणाऱ्या अशाच मुलांसाठी पूर्वतयारीची शाळा चालवली होती आणि या ग्रंथाची प्रस्तावनाही त्यानेच लिहिली आहे.

---

पैनगंगेकाठचा मास्तर (यवतमाळ जिल्हा)

ताई, सांगितले. आजोबांनी बराच वेळ विचार करून विचारले की, आमच्या धाब्याच्या घराला वरचा मजला नसतो, मग डोके कोठे दाखवणार? यावर ओसरीवर पाऊण तास वाद झाला. शेवटी त्या मुलीने वहीत माळवदाचे घर काढले, धुराड्याला नाक केले, सांडपाण्याच्या मोरीपाशी मूत्रपिंडे लिहिली, आणि डोक्यासाठी गच्चीवर चढायची शिडी काढली. कागद वाचनालयाच्या भिंतीवर लावला आहे. तिचे विमान येत्या गुरुवारी नागपूरहून आहे. तेथील रुग्णांची भाषा अजून येत नसल्याने ती सध्या मोबाइलवर जॉर्जियन अक्षरे गिरवीत बसली आहे.